कुंडलिकतात्यांचा तिसरा अंक

कुंडलिक ढेबे एकतीस वर्षांत अडतीस वेळा मेले. बंदुकीच्या गोळीनं अकरा वेळा, विषानं नऊ वेळा, तलवारीनं सहा वेळा, छातीत कळ येऊन पाच वेळा आणि विहिरीत पडून चार वेळा. उरलेल्या तीन वेळा ते कशानं मेले, हे नाटकातही कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. हे सगळे मृत्यू पहिल्या अंकात, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांच्या सुमाराला झाले.

मंडळाचं नाव श्री भैरवनाथ नाट्यमंडळ, गाव करंजमाळ. विंझर सोडून वेल्ह्याकडे निघालं की डाव्या हाताला फाटा लागतो, तिथून आत तीन किलोमीटर. भैरवनाथाच्या यात्रेला इथं नाटक होतं आणि ते दिवसाउजेडी होतं. चारला घंटा, सहाच्या आत पडदा. प्रेक्षकांतले निम्मे डोंगरावरच्या वस्त्यांवरून उतरलेले असतात आणि त्यांना अंधार पडायच्या आत वर पोचायचं असतं. त्यामुळं नाटकात मध्यरात्र असली तरी रंगमंचावर पश्चिमेचं ऊन पडलेलं असतं. मध्यरात्र आहे हे कळावं म्हणून पात्रं हातात कंदील घेऊन येतात, आणि ऊन डोळ्यांवर आलं की दुसऱ्या हातानं कपाळावर आडोसा धरतात. याचं कुणाला काही वाटत नाही.

तात्यांचं घर ढेबेवस्तीवर. गावापासून दीड तासाचा चढ, सात घरं, धनगरांची वस्ती. तात्यांकडे चार म्हशी, दोन गाई आणि बारा शेरडं. म्हशींपैकी चांदी नावाची जी आहे, तिच्यामुळं तात्यांना पहिल्या अंकात मरावं लागतं. चांदी तात्यांशिवाय कुणाच्याही हाताला पान्हा सोडत नाही. तिची आई तशीच होती, आजीही तशीच. तात्यांची बायको धोंडाबाई धार काढायला बसली की चांदी मान वळवून बघते, मागचा पाय उचलते आणि चरवी कुठं जाईल ती जाते. धार संध्याकाळी सव्वासहाला. म्हणजे पावणेपाचला गाव सोडायला हवं. म्हणजे चार चाळीसला मरायला हवं.

तरुणपणी तात्यांनी मंडळात पाय टाकला तेव्हाच ही अट घातली होती. मंडळाला ती सोयीची वाटली. कुठल्याही नाटकात पहिल्या अंकाला कुणीतरी मेल्याशिवाय पुढं हलता येत नाही, आणि चांगलं मरणारा माणूस मिळत नाही. तात्या चांगले मरत. मरण्याआधीचं भाषण ते रोज सव्वासहाला चांदीच्या पोटाला डोकं टेकून म्हणत, त्यामुळं ते त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "पोरांनो, आता माझं काही खरं नाही" इथपासून सुरू व्हायचं. नाटक बदललं तरी तात्या हेच भाषण म्हणत. पोरं नसलेल्या ब्रह्मचारी सुभेदाराच्या भूमिकेतसुद्धा ते "पोरांनो" म्हणाले होते आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता.

या व्यवस्थेत एक अडचण होती. तात्यांनी एकाही नाटकाचा शेवट बघितलेला नव्हता. अडतिसांपैकी सतरा वेळा त्यांचा खून ज्ञानोबानं केला. ज्ञानोबाची गावात पिठाची गिरणी आहे आणि त्याचा आवाज गिरणीवर मात करून करून मोठा झालेला आहे, म्हणून खलनायक कायम तोच. तात्या मरून वर निघून जात. ज्ञानोबाचं पुढं काय झालं हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. सात-आठ वर्षं तर ते दळण ज्ञानोबाच्या गिरणीवर न टाकता विंझरला नेत होते.

"आवं तात्या, तिसऱ्या अंकात फाशी झाली की मला!" ज्ञानोबा चिडून सांगायचा.

"आसंल."

"आसंल काय? समद्या गावानं बघितलं."

"म्या न्हाई बघितलं."

यंदाच्या हंगामाचं कारण गेल्या वर्षीच्या यात्रेत घडलं. मंडळ इतकी वर्षं सहा जुनी नाटकं आलटून पालटून करत होतं. गेल्या वर्षी ज्ञानोबानं बंदूक रोखली आणि तो बोलायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या ठकुबाईनं त्याचं वाक्य म्हणून टाकलं. ठकुबाई ऐंशीची आहे आणि तिनं सगळी नाटकं बघितलेली आहेत. तिच्यामागून बायकांची अख्खी बाजू बोलायला लागली. ज्ञानोबाला काही बोलायचंच उरलं नाही. त्यानं नुसती गोळी घातली.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक झाली. मंडळाचे दिग्दर्शक आनंदराव हे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. भोरच्या स्टँडवर त्यांनी चौतीस वर्षं गाड्या पुकारल्या. नाटकाकडेही ते त्याच नजरेनं बघतात. पात्र वेळेवर सुटलं पाहिजे आणि वेळेवर पोचलं पाहिजे, मधे काय होतं ते प्रवाशांचं नशीब.

"जुनं समदं बंद," आनंदराव म्हणाले. "फुडल्या वर्सी तीन नवी नाटकं. माघात हितं, फागणात पानशेतला, चैतात आंबवड्याला. येळापत्रक म्या लावतो."

फाट्यावर फ्लेक्स लागला. 'नवा नाट्यहंगाम, तीन नवी कोरी नाटकं'. त्यातलं 'विनाथांबा' आनंदरावांनी स्वतः लिहिलं होतं, 'सरपंच बेपत्ता' ज्ञानोबानं. दोन्हींत तात्या पहिल्या अंकात मरत होते. तिसरं नाटक, जे हंगामात पहिलं व्हायचं होतं, ते सुप्रियानं लिहिलं होतं. सुप्रिया ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. मंडळात काम करणारी ती गावातली पहिली बाई. तिच्याआधी बायकांच्या भूमिकांसाठी बाहेरून बाई आणावी लागे.

नाटकाचं नाव 'चुलीवरचं'. धरणाच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याचं खानावळीचं छप्पर आहे. पाटीवर 'चुलीवरचं जेवण' लिहिलेलं, पुढं गिऱ्हाइकांना दाखवायला एक चूल पेटवलेली आणि सगळा स्वयंपाक मागं गॅसवर. पहिल्या अंकाच्या शेवटी गॅस संपतो आणि म्हातारा सिलिंडर आणायला जातो. दुसऱ्या अंकात तो नाही, त्याच्या लेकीची पंचाईत आहे. तिसऱ्या अंकात तो सिलिंडर घेऊन येतो, गिऱ्हाइकांसमोर खरं सांगून टाकतो आणि शेवटचं वाक्य म्हणतो, "गॅस बंद कर, सुलक्षणा. चूल पेटव." सुलक्षणा म्हणजे सुप्रिया.

दसऱ्याला देवळात या नाटकाचं वाचन झालं. म्हातारा तात्यांनी करायचा, असं ठरलेलं होतं.

"पोरी, म्या कवा मरतो?"

"तुमी ह्यात मरतच न्हाई, तात्या."

"गाडीखाली?"

"न्हाई."

"मंग सिलिंडर फुटत आसंल."

"कायबी फुटत न्हाई. तुमी शेवटापातूर हाय."

आनंदरावांनी वही काढली. "तात्यांना पावणेपाचला सोडावं लागतंय. हे काम ज्ञानोबाला द्या."

"माझी तयारी हाय," ज्ञानोबा लगेच म्हणाला. "इतकी वर्सं लोकाला मारून कटाळा आलाय."

तात्या उठून उभे राहिले. बैठकीत ते कधी उभे राहत नसत.

"न्हाई," ते म्हणाले. "म्या करतो. एकदा तरी शेवटापातूर ऱ्हातो."

"आन् म्हस?"

"म्हशीचं म्या बघतो."

आनंदरावांनी यात्रेच्या आठ दिवस आधीपर्यंतची मुदत दिली. तोवर म्हशीची सोय झाली तर तात्या, नाहीतर ज्ञानोबा. शिवाय ज्ञानोबानं भूमिका पाठ करून ठेवायची. त्याला आनंदराव राखीव गाडी म्हणाले.

त्या संध्याकाळी तात्यांनी धोंडाबाईला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. तिनंही नवऱ्याचं एकही नाटक बघितलेलं नव्हतं. तात्या खाली गेले की वस्तीवर जनावरांपाशी ती असायची. तात्यांची भाषणं मात्र तिला पाठ होती. गोठा आणि चूल यांच्यात एकच कुडाची भिंत आहे.

"म्हंजे तुमच्यासाटी लाथा म्या खायाच्या," ती म्हणाली.

"चारच महिन्याची परकटिस हाय."

"तुमाला परकटिस. मला लाथा."

पहिल्या आठवड्यात लाथाच झाल्या. पेंड-भुश्याच्या आंबोणात गूळ घातला, तरी चांदीनं गूळ खाल्ला आणि दूध वर चढवलं. रेडकू पुढं बांधून बघितलं. मग सुप्रियानं उपाय सुचवला. तिनं तात्यांचं मरणाचं भाषण मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं. धोंडाबाईनं मोबाईल दावणीला अडकवला आणि लावला. "पोरांनो, आता माझं काही खरं नाही," मोबाईल म्हणाला. चांदीनं कान टवकारले. दुधाची धार चरवीत वाजली. धोंडाबाईनं तात्यांना खुणेनं बोलावलं. तेवढ्यात मोबाईलवर कुणाचा तरी फोन आला आणि गोठ्यात मोठ्यानं ढोलकी वाजायला लागली. चांदीनं दावं तोडलं. मोबाईल शेणातून काढावा लागला आणि त्यानंतर तो फक्त एकाच बाजूनं ऐकू यायचा.

तरी त्या दोन धारांनी धोंडाबाईला एक गोष्ट समजली. म्हशीला आवाज लागतो. पण मोबाईलला वास नाही आणि रूप नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांचा न धुतलेला सदरा घातला, धोतर नेसली, केस टोपीत कोंबले, खांद्यावर घोंगडी टाकली आणि तळहातावर तंबाखू मळली.

"खायाची न्हाई," तात्या म्हणाले.

"न्हाई खात. तुमी भाईर व्हा. दोन-दोन दिसलं तर तिला काय वाटंल?"

तात्या कुडाच्या पलीकडं चुलीपाशी जाऊन बसले. त्यांना पहिल्यांदा आपलंच भाषण दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. धोंडाबाईचा आवाज जाडा आहे. तिनं तो आणखी खाली नेला. पहिल्या दिवशी चांदीनं अर्धी चरवी दिली, चौथ्या दिवशी पाऊण. पाचव्या दिवशी धोंडाबाई भरलेली चरवी घेऊन टोपीसकट बाहेर आली.

"तुमी लई घाई करता," ती म्हणाली.

"कशात?"

"मरताना. 'पोरांनो' म्हनल्यावर जरा थांबाया पायजे. म्या थांबले तवा तिनं पान्हा सोडला. तुमी तसंच फुडं पळता."

तात्यांनी तिच्या हातातली चरवी घेतली. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी काही बोलण्याची ही पहिली वेळ होती.

खाली तालमीत वेगळीच पंचाईत चालली होती. तात्यांना जिवंत राहण्याची सवय नव्हती. मोठा आवाज झाला की ते छातीला हात लावून खाली बसत. तिसऱ्या अंकात सुलक्षणा रागानं तवा आपटते. तवा आपटला की तात्या कोसळायचे.

"उठा, तात्या," आनंदराव खुर्चीतून ओरडायचे. "तवा हाय त्यो. गोळी न्हाई."

"कळतंय मला. पर पाय ऐकत न्हाईत."

"फोडणीलाबी पडला तुमी काल."

"फोडणी लई मोठी व्हती."

ज्ञानोबा कोपऱ्यात बसून हे बघायचा आणि ओठांतल्या ओठांत म्हाताऱ्याची वाक्यं म्हणायचा. सुप्रियानं तव्याच्या जागी ॲल्युमिनियमचं ताट आणलं. ताटाला तात्या नुसते दचकायचे. दचकलेलं चालेल, म्हातारा भित्रा आहे असं समजू, असं ती म्हणाली. तात्यांना तिसरा अंक दुसऱ्या अंकापेक्षा लांब वाटे. बाकीची नटमंडळी इतका वेळ रोज कशी जगतात, असं त्यांनी एकदा गंभीरपणे विचारलंही. मुदतीच्या दिवशी त्यांनी आनंदरावांना सांगितलं, की म्हशीची सोय झाली. आनंदरावांनी वहीत टिक केली. ज्ञानोबाचं नाव खोडलं नाही, राखीव म्हणून कंसात ठेवलं.

माघातली यात्रा आली. पालखी तीनला परतली. मंडप भरला, एका बाजूला बाप्ये आणि दुसऱ्या बाजूला बायका. ठकुबाई पुढच्या रांगेत. नवं नाटक असल्यामुळं तिला काही पाठ नव्हतं आणि ती त्यावर आधीच नाराज होती. चारला आनंदरावांनी कर्ण्यावर पुकारलं, "चुलीवरचं नाटक, पयला अंक, येळेवर सुटतोय."

पहिला अंक चांगला झाला. तात्यांनी गिऱ्हाइकांना चूल दाखवली, मागं गॅसवर तर्री ढवळली, गॅस संपला. "आलोच सिलिंडर घेऊन," असं म्हणून ते आत गेले. चार चाळीस झाले होते. दुसरा अंक पाच ते साडेपाच, त्यात तात्यांना काम नव्हतं. त्यांनी पडद्यामागं रिकामा सिलिंडर टेकवला, कपातला चहा घेतला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि तिसऱ्या अंकातली वाक्यं मनात म्हणत ते चालू लागले.

ते कुठं चालले होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाय एकतीस वर्षं चार चाळीसनंतर ज्या वाटेनं जात होते, त्याच वाटेनं गेले. गाव संपलं, ओढा ओलांडला, चढ लागला. "लोकहो, मी तुम्हाला फसवलं," तात्या पुटपुटले. हे तिसऱ्या अंकातलं मुख्य भाषण. त्यांनी ते पहिल्या टेकाडावर एकदा म्हटलं आणि चुकलं, म्हणून करवंदीच्या जाळीपाशी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा बिनचूक झालं. तिसरा अंक त्यांना इतका चांगला कधीच आला नव्हता, आणि ते त्याच्यापासून अर्ध्या तासावर पोचले होते.

वळणावर समोरून एक माणूस उतरताना दिसला. सदरा, धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी. चाल ओळखीची वाटली. तात्या थांबले.

"कोन हाय?"

"कोन न्हाई. तुमीच हाय," धोंडाबाई म्हणाली.

ती जवळ आली. तिनं चारलाच, रोजच्यापेक्षा दोन तास आधी, धार काढली होती. चांदीनं कुरकुर न करता दूध दिलं. मग जनावरं जाऊ रत्नाच्या हवाली करून ती निघाली, कपडे बदलायलाही थांबली नाही. एकदा तरी बघावं, असं तिच्या मनात आलं होतं.

"आन् तुमी हितं कशापायी?" तिनं विचारलं. "परत मेला व्हय?"

तात्यांनी मागं बघितलं, मग पुढं बघितलं. हातातली काठी बघितली.

"अंक संपला," ते म्हणाले.

"कितवा?"

"पयला."

"आन् तुमी कितव्यापातूर जित्तं हाय?"

"तिसऱ्या."

"मंग फिरा की माघारी!"

तेवढ्यात खालून कर्णा ऐकू आला. डोंगरात आवाज स्वच्छ येतो. "प्रेक्षकांनी लक्ष द्यावं. काही तांत्रिक कारणामुळं तिसरा अंक पंधरा मिनिटं उशिरानं सुटंल." थोडं थांबून पुन्हा, "कुंडलिक ढेबे आसतील तिथून रंगमंचाकडं यावं. पावणेसहापातूर न आल्यास राखीव पात्र सोडण्यात येईल."

"राखीव कोन?" धोंडाबाईनं विचारलं.

"ज्ञानोबा."

"त्यो? दळणवाला?" धोंडाबाईनं धोतराचा काचा घट्ट केला. "म्या धा दिस लाथा खाल्ल्या त्या ज्ञानोबासाटी न्हाई. पळा."

दोघं पळाले. तात्या छप्पन वर्षांचे, धोंडाबाई पन्नाशीची. चढायला अर्धा तास लागलेली वाट त्यांनी पंधरा-सतरा मिनिटांत उतरली. ओढ्यात तात्यांची एक चप्पल गेली. तिच्यासाठी ते वाकले तर मागून धोंडाबाई ओरडली, "ऱ्हाऊ द्या. सिलिंडर आनाया गेलेल्या मानसाला एकच चप्पल चालती."

पडद्यामागं ज्ञानोबा तयार होता. त्यानं तात्यांच्या भूमिकेचा चट्ट्यापट्ट्यांचा सदरा चढवला होता, सिलिंडर खांद्यावर घेतला होता आणि एक पाय रंगमंचाच्या फळीवर ठेवला होता. आनंदरावांनी हातातल्या घड्याळाकडं बघत शिट्टी तोंडात धरली होती. पावणेसहाला एक मिनिट कमी होतं. तात्या मागून आले आणि त्यांनी ज्ञानोबाच्या खांद्यावरचा सिलिंडर धरला.

"सोड."

"आता कशाला आला तुमी? लागलंय मला काम."

"ज्ञानबा, सिलिंडर सोड."

"येळ झाली तुमची. राखीव लागलंय. आनंदराव, सांगा ह्यास्नी."

आनंदरावांनी घड्याळ बघितलं. "मूळ गाडी येळेत लागली," ते म्हणाले. "राखीव रद्द." आणि त्यांनी शिट्टी मारली.

तात्या रंगमंचावर आले ते घामानं निथळत, एका पायात चप्पल, धोतराला कुसळं, छाती भात्यासारखी हलत असलेली. सिलिंडर आणायला गेलेला म्हातारा इतका खरा कुणी बघितला नव्हता. पहिली दोन मिनिटं त्यांना बोलताच आलं नाही. सुप्रियानं आपल्या मनानं त्यांना पाणी दिलं आणि "बाबा, भोरपातूर चालत गेला व्हय?" असं विचारलं. लोक हसले. मग तात्यांनी भाषण केलं. "लोकहो," असं म्हणून ते थांबले. जितकं थांबायला हवं तितकंच थांबले. "मी तुम्हाला फसवलं."

बायकांच्या बाजूला धोंडाबाई मागच्या रांगेत येऊन बसली होती. शेजारणीनं तिला कोपर मारलं.

"आवं, बाप्यांची बाजू तिकडं हाय."

"म्या बाईच हाय."

"मंग ह्ये काय घातलंय?"

"म्हशीसाटी घातलंय. गप बसा, त्यांचं चाललंय."

सुप्रियानं ताट आपटलं. तात्या दचकले, पण उभे राहिले. मंडपात कुजबुज सुरू झाली. ती टीका नव्हती, अंदाज होता. ताटाला मेले नाहीत म्हणजे पुढं कशाला तरी मरतील, असं लोक एकमेकांना सांगत होते. ऊन मंडपाच्या कडेला गेलं होतं. तात्यांनी पाटी खाली उतरवली, लेकीकडं वळले आणि म्हणाले, "गॅस बंद कर, सुलक्षणा. चूल पेटव."

नाटक संपलं होतं. ज्ञानोबानं पडद्याची दोरी धरली होती, पण ओढली नाही. टाळी वाजली नाही. चारशे माणसं जागची हलली नाहीत. सगळ्यांची नजर तात्यांवर होती. तात्या लोकांकडं बघत उभे राहिले. पुढं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवायचं काही नव्हतं.

शेवटी ठकुबाईनं काठी आपटली.

"आरं पर ह्यो मरायचा कवा? आमाला वर जायाचंय. अंधार पडाया लागला."

"मर की लवकर, तात्या," बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं. त्यात दुष्टपणा नव्हता.

तात्यांनी सुप्रियाकडं बघितलं. सुप्रियानं मान हलवली. मग ते दोन पावलं पुढं आले, कपाळावर हाताचा आडोसा धरून त्यांनी ठकुबाईला शोधलं.

"मावशे," ते म्हणाले, "ह्यात म्या मरत न्हाई. जित्ताच ऱ्हातो."

"शेवटापातूर?"

"व्हय. ह्यो शेवटच हाय."

ठकुबाईनं यावर विचार केला. "बरं," ती म्हणाली. "मंग आधी न्हाई का सांगायचं?" आणि तिनं टाळी वाजवली. तिच्यामागून मंडप वाजला. ज्ञानोबानं पडदा ओढला, तो तात्यांच्या अंगावर आला, कारण त्यांना मागं सरायचं माहीत नव्हतं.

वस्तीवर जाताना धोंडाबाई पुढं चालत होती.

"कसं झालं?" तात्यांनी विचारलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "थांबला बराबर."

"आन्?"

"आन् काय? जिवंतपनी बोलता बरं. मेल्यावर जास्ती बरं बोलता."

सोमवारी देवळात दुसऱ्या नाटकाच्या तालमीसाठी मंडळ जमलं. पानशेतला 'सरपंच बेपत्ता' जाणार होतं. ज्ञानोबानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या अंकात सरपंच म्हणजे तात्या, त्यांचं प्रेत विहिरीत सापडतं.

"थांब," तात्या म्हणाले. "पयल्या अंकात न्हाई."

"आवं, नाटकाचं नावच सरपंच बेपत्ता हाय!"

"बेपत्ता ऱ्हातो की. पर मदनं आदनं येतो."

"बेपत्ता मानूस मदनं येतो कसा?"

"त्यो तू लेखक हाय, तुजं तू बघ. म्या आता शेवटापातूर हाय. म्हशीची काय अडचन न्हाई."

ज्ञानोबा आनंदरावांकडं वळला. आनंदरावांना दोन्ही बाजू दिसत होत्या. यात्रेनंतर तीन दिवस लोक त्यांना फाट्यावर अडवून एकच विचारत होते, की नाटक चांगलं होतं पण तात्या मेले का नाहीत. काही जणांनी तर अर्धंच नाटक दाखवलं अशी तक्रार केली होती. सुप्रिया मधे पडली. सरपंच बेपत्ता होतो, सगळे त्याला शोधतात, तो दुसऱ्या अंकात परत येतो आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी मरतो, असं तिनं सुचवलं. म्हणजे तात्या शेवटपर्यंत राहतात आणि लोकांचंही मन राखलं जातं.

ज्ञानोबानं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे तिसऱ्या अंकात म्या मारायचं?"

"तूच मार," तात्या म्हणाले. "म्हंजे तुजं फुडं काय झालं त्ये म्या इचारनार न्हाई."

आनंदरावांनी वही उघडली, वेळापत्रकाच्या रकान्यात चार चाळीस खोडलं आणि लिहिलं, 'सरपंच मृत्यू, पाच पंचावन्न'. वही तात्यांपुढं धरली.

तात्यांनी वाचलं. "पाच मिनिटं आदी करा," ते म्हणाले.

"का?"

"'पोरांनो' म्हनल्यावर थांबाया लागतंय."